चाकांवरची काळी पूड: ब्रेक डस्ट नीट कशी काढायची

रविवारी सकाळी दीड तास घालवून गाडी धुतली आणि गुरुवारी खाली उतरून बघते तर पुढची दोन्ही चाकं परत काळपट, मागची दोन मात्र तशीच स्वच्छ. सुरुवातीला मला वाटायचं की सोसायटीच्या बाहेर रस्ता खणलाय तिथली माती बसतेय, पण माती असती तर चारही चाकांवर सारखी बसली असती ना. पुढच्याच चाकांवर जास्त बसते, बोट फिरवलं की बोट काळं-करडं होतं, आणि नुसतं पाणी मारलं तर वरवरची निघते पण स्पोकच्या कोपऱ्यात आणि नटांच्या खड्ड्यात चिकटून राहते, ती ब्रेक डस्ट. पुढच्याच चाकांवर का, तर ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं झुकतं आणि थांबवायचं बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात, शिवाय आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, त्यांची पूड ड्रमच्या आतच कोंडून राहते, बाहेर दिसत नाही. चारही चाकांना डिस्क असतील तर मागची चाकंही काळी होतात, पण सहसा पुढच्यांपेक्षा कमी.

आता ही पूड आहे काय ते आधी समजून घ्या, कारण साफ करायची पद्धत त्यावरच ठरते. ब्रेकची डिस्क असते बिडाची, म्हणजे आपला घावन-डोशाचा बिडाचा तवा असतो ना, त्याच जातीचं ओतीव लोखंड. तिला दोन्ही बाजूंनी पॅड दाबतात, पॅडमधे लोखंडाचे बारीक तंतू, ग्रॅफाइट, काही पॅडमधे तांबं, बेरियम सल्फेट असं बरंच काही असतं आणि हे सगळं एका रेझिनने बांधलेलं असतं. दाबलं की डिस्कही झिजते आणि पॅडही झिजतो, आणि दोघांची मिळून बारीक गरम पूड उडते ती थेट रिमवर. म्हणजे तुमच्या चाकावर बसलेलं बरंचसं लोखंडच आहे. बिडाचा तवा घासून रात्रभर ओला ठेवला तर सकाळी काय होतं ते घरात सगळ्यांना माहितीये, तांबूस गंज. तेच इथं होतं. कोरड्या हवेत ही पूड बरेच दिवस नुसती काळी बसून राहते, पण पहिला पाऊस पडला किंवा गाडी चार दिवस समुद्राजवळ उभी राहिली की ते कण गंजायला लागतात, गंजताना फुगतात आणि रिमच्या वरच्या लॅकरमधे, म्हणजे पारदर्शक थरात, रुतून बसतात. मग बारीक नारिंगी-तपकिरी ठिपके दिसतात, आणि ते शॅम्पूने कितीही घासा, हलत नाहीत. माझं माहेर गुहागरकडचं, दर पावसाळ्यात आठ-दहा दिवस गाडी तिकडे असते, त्यामुळे हे ठिपके मी अगदी जवळून बघितलेत.

काही गाड्यांची पूड जास्त आणि काहींची कमी हेही खरं आहे, त्यात तुमच्या चालवण्याचा दोष असेलच असं नाही. युरोपियन कंपन्या बहुतेक वेळा लोखंड जास्त असलेले पॅड वापरतात कारण तिकडे मोठ्या वेगातून पटकन थांबायची गरज असते, ते पॅड ब्रेक छान पकडतात पण पूडही भरपूर करतात आणि डिस्कही लवकर खातात. जपानी-कोरियन गाड्यांना जे पॅड येतात त्यांची पूड तुलनेने कमी आणि फिकट असते. त्यामुळे शेजाऱ्यांची चाकं महिनाभर चकाचक आणि आपली आठवड्यात काळी असं होत असेल तर लगेच गॅरेजला पळू नका, आधी पॅड कुठल्या प्रकारचे आहेत ते विचारा.

साफ कसं करायचं ते सांगायच्या आधी काय करायचं नाही ते सांगते, कारण नुकसान तिथंच होतं. तीन वर्षांपूर्वी घाईत होते म्हणून गाडी एका वॉशिंग सेंटरला दिली, तिथल्या मुलाने चाकांवर एका बिनलेबलच्या बाटलीतून काहीतरी मारलं, नाकात झिणझिण्या आणणारा वास, पांढरा फेस आला, आणि दोन मिनिटात चाकं नवी दिसायला लागली. मी खूश. महिन्याभराने लक्षात आलं की रिमची चमक गेलीय, धुकं बसल्यासारखी झालीत, आणि नटांवर गंज चढलाय. ते ॲसिड होतं. ॲसिड पूड विरघळवतं हे खरं, पण त्याला पूड कुठली आणि रिम कुठला हे कळत नाही, लॅकरला कुठं बारीक ओरखडा असेल तर तिथून आत शिरून ॲल्युमिनियमही खातं. धुकं तसंच राहिलं, पॉलिशनेही पूर्ण गेलं नाही. काहीजण घरी संडास साफ करायचं लिक्विड वापरतात, त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, तेही तितकंच वाईट. आणि व्हील क्लीनरच्या बाटलीवर हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा अमोनियम बायफ्लोराइड असं काही लिहिलेलं दिसलं तर ती बाटली घरात आणूच नका. हे कातडीतून आत जातं, पातळ असेल तर आग लगेच जाणवतही नाही, आणि शरीरातल्या कॅल्शियमवर काम करतं, त्यामुळे भाजलेलं वरून दिसतं त्याच्यापेक्षा कितीतरी खोल असतं. जी मुलं दिवसभर हातमोज्यांशिवाय हे मारत असतात त्यांच्या हातांची मला खरंच काळजी वाटते. सेंटरला गाडी देत असाल तर सरळ विचारा, भाऊ बाटलीत काय आहे, आणि नीट सांगता येत नसेल तर चाकांना फक्त पाणी आणि शॅम्पू लावायला सांगा.

ॲसिड वाईट म्हणून उलट टोकाला जाऊन कपडे धुवायची पावडर वापरू नका, त्यात धुण्याचा सोडा असतो, एखादवेळी काही होत नाही पण दर आठवड्याला वापरली तर वॅक्स वगैरे काही असेल ते उतरवते आणि पॉलिश केलेलं उघडं ॲल्युमिनियम काळवंडतं. ओव्हन किंवा चिमणी साफ करायच्या फेसात कॉस्टिक सोडा असतो, तो तर अजिबात नको. तारेची घासणी नको, हिरवा स्क्रबर पण नको. आणि कोरड्या चाकावर कोरडं फडकं तर मुळीच नको. लोखंडाची पूड फडक्याखाली धरून फिरवली म्हणजे पॉलिश पेपरच घासला, उन्हात बघा मग गोल गोल ओरखडे.

आता सामान. दोन बादल्या, एक मग, गाडीचा साधा शॅम्पू, एक मऊ केसांचा रंगाचा ब्रश दोन इंची, एक जुना टूथब्रश, आणि रिमच्या आतल्या बाजूला हात जात नाही तिथं घालायला लांब दांड्याचा मऊ ब्रश. बाटल्या धुवायचा स्पंजवाला ब्रश मिळतो तोही चालतो, फक्त त्याच्या टोकाला तार उघडी असेल तर तिच्यावर जाड टेप गुंडाळा नाहीतर रिमला आतून चरे पडतील. रंगाच्या ब्रशला कड्याची पत्र्याची पट्टी असते तिच्यावरही टेप लावा. दोन मायक्रोफायबर फडकी, रबरी हातमोजे, आणि आयर्न रिमूव्हरची एक छोटी बाटली. हे सगळं फक्त चाकांचं ठेवा, वेगळ्या पिशवीत. आमच्याकडे सकाळी गाड्या पुसायला येणारे दादा एकाच फडक्याने आधी चाक आणि मग बॉनेट पुसायचे, त्यांना मी चाकांसाठी वेगळं लाल फडकं आणून दिलं आणि का ते समजावलं, त्यांनी तेव्हापासून बाकीच्या गाड्यांनाही तसंच सुरू केलं.

पहिला नियम म्हणजे चाक गार पाहिजे. हात लावून बघा, डिस्कला नाही हं, रिमला. घाट उतरून आलेल्या गाडीची डिस्क दोन-तीनशे डिग्रीला पण गेलेली असू शकते, तिच्यावर गार पाण्याचा फवारा मारला तर ती एका बाजूने पटकन आकसते, वाकडी होऊ शकते, आणि मग ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायला लागतं. ताम्हिणी घाट उतरल्या उतरल्या खाली पाइप घेऊन माणसं उभी असतात तिथं थांबून चाकांवर पाणी मारून घेणारे लोक मी बघते, त्यांना थांबवून सांगावंसं वाटतं. किमान तासभर जाऊ द्या. शक्यतो सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, सावलीत धुवा, उन्हात तापलेल्या रिमवर शॅम्पू आणि केमिकल दोन्ही लगेच वाळतात आणि डाग पडतात.

एका वेळी एकच चाक घ्यायचं, पूर्ण संपवायचं आणि मग पुढचं. आणि चाकं आधी, बॉडी नंतर, म्हणजे चाकांचं काळं पाणी धुतलेल्या दारांवर उडत नाही आणि बॉडी धुवेपर्यंत चाकांवरचं पाणी वाळून डाग पडतील असंही होत नाही कारण चाक मी लगेच पुसून घेते. सुरुवातीला साधं पाणी भरपूर, वरून खाली, स्पोकच्या मागे, आत, पॅड दाबणारा कॅलिपर असतो त्याच्या आजूबाजूला, जे सुटं आहे ते सगळं घासायच्या आधीच वाहून गेलं पाहिजे. पाइप नसेल तर मगाने पण होतं, आमच्या भागात उन्हाळ्यात टँकर येतो आणि पाइप लावला तर सेक्रेटरी बरोबर ओरडतात, त्यामुळे मी चार चाकं दोन बादल्यांत करते, नीट जमतं. मग शॅम्पूचं पाणी रंगाच्या ब्रशने लावायचं, जोर न लावता गोल गोल, ब्रश दर दोन-तीन स्पोकनंतर दुसऱ्या बादलीतल्या साध्या पाण्यात झटकायचा आणि मगच परत शॅम्पूत. नटांच्या खड्ड्यात टूथब्रश. लांब ब्रश आत घालून रिमच्या आतल्या गोलाईवर फिरवायचा, सगळ्यात जास्त पूड तिथं साठलेली असते आणि तिथंच कोणी हात लावत नाही. मग परत पाणी. दर आठवड्याला किंवा दहा दिवसांनी एवढं जरी केलं तरी पूड रुतायला वेळच मिळत नाही आणि पुढच्या भागाची गरज वर्षातून तीन-चार वेळाच पडते.

पुढचा भाग म्हणजे आयर्न रिमूव्हर. शॅम्पूने धुऊनही खरखरीत लागतंय, ठिपके दिसतायत, तेव्हा हा काढायचा. चांगल्या आयर्न रिमूव्हरमधे थायोग्लायकोलेट नावाचं रसायन असतं, ते लोखंडाच्या कणाला धरतं आणि पाण्यात विरघळेल असं करून टाकतं, आणि ते होताना रंग जांभळा-लाल होतो. पहिल्यांदा बघाल तेव्हा दचकाल, चाकातून जांभळे ओघळ यायला लागतात. पूड खरंच लोखंडाची होती हे डोळ्यांनी दिसतं. वास मात्र घाण असतो, सडलेल्या अंड्यासारखा, कारण त्यात गंधक असतं, त्यामुळे बंद पार्किंगमधे मारू नका, हातमोजे घाला आणि डोळे सांभाळा. बाटलीवर पीएच न्यूट्रल, म्हणजे ना ॲसिड ना सोडा, असं लिहिलंय ना ते बघून घ्या.

मारायची पद्धत अशी की धुतलेल्या चाकावरचं जास्तीचं पाणी आधी निथळू द्यायचं, नाहीतर केमिकल पातळ होतं, मग चाकावर सगळीकडे हलका फवारा आणि तीन ते पाच मिनिटं थांबायचं. या वेळात ब्रशने हलकंसं हलवलं तर आणखी चांगलं. वाळू मात्र द्यायचं नाही, वाळायला लागतंय असं वाटलं तर थोडं पाणी शिंपडा किंवा सरळ धुऊन टाका. डिस्कवर थोडं उडलं तर डिस्कही जांभळी होते, साहजिक आहे, तीही लोखंडच, घाबरू नका पण तिथं मुद्दाम मारू नका आणि कॅलिपर, डिस्क, नट सगळं भरपूर पाण्याने धुवा, आत कुठं राहायला नको. खूप जुना थर असेल तर एका वेळी चार थर मारायच्या ऐवजी दोन वेळा करा, मधे आठवडाभर गेला तरी चालतं. वर्षानुवर्षं साठलेली पूड एका सकाळी जायला पाहिजे असा हट्ट धरला की माणूस ॲसिडकडे वळतो.

जांभळं झालं नाही आणि तरी काळे ठिपके उरले तर ते डांबर असणार. नवीन रस्त्यावरून गेलात की रिमच्या खालच्या आणि आतल्या बाजूला डांबराचे थेंब बसतात, त्यांच्यावर आयर्न रिमूव्हर काहीच करत नाही. टार रिमूव्हर मिळतो, नसेल तर फडक्याच्या टोकाला थोडंसं रॉकेल घेऊन ठिपक्यावर अर्धा मिनिट धरा आणि पुसा, मग लगेच शॅम्पूने धुवा. टायरला लागू देऊ नका, रबर खराब होतं, आणि डिस्कजवळ तर अजिबात नेऊ नका.

रिम कसले आहेत तेही बघा. साधे रंगवलेले सिल्व्हर अलॉय सगळ्यात सोशीक. हल्ली टॉप मॉडेलला येतात ते डायमंड कट, म्हणजे पुढची बाजू मशीनवर कापून चकाकती केलेली आणि वर फक्त पारदर्शक लॅकर, ते नाजूक. फुटपाथला घासून लॅकर फुटलं की आत पाणी शिरतं आणि ॲल्युमिनियमवर पांढऱ्या अळीसारख्या रेषा पसरत जातात, तिथं कुठलंही केमिकल मारलं तरी वाढतातच, त्यामुळे असं फुटलेलं दिसलं तर आधी तेवढं दुरुस्त करून घ्या. मॅट काळ्या रिमला पॉलिश किंवा वॅक्स लावू नका, जागोजागी चकाकी येते आणि ती जात नाही. आणि पोलादी चाकं, वर प्लॅस्टिकची टोपी असलेली, त्यांचं काम सोपं आहे, टोपी काढा, बादलीत बुडवून शॅम्पूने धुवा, आत रिमवर गंज उठला असेल तर घासून त्यावर रंगाचा हात मारा, आणि टोपी बसवताना हवेच्या नळीची खाच नळीवरच येतेय ना बघा.

धुऊन पुसून चाक पूर्ण कोरडं झालं की त्यावर काहीतरी संरक्षण लावायचं, नाहीतर आठवड्यात परत पहिल्यापासून. बॉडीला लावायचं साधं कार्नौबा वॅक्स चाकावर फार टिकत नाही कारण ते ऐंशी-पंच्याऐंशी डिग्रीच्या आसपास वितळतं आणि त्यावर पूड आणखी चिकटते. सिंथेटिक सीलंट बरं, दोन-तीन महिने काम देतं, आणि परवडत असेल तर चाकांचं सिरॅमिक कोटिंग. त्याने पूड बसायची थांबत नाही, असं सांगून कोणी विकत असेल तर ऐकू नका, पण बसलेली पूड नुसत्या पाण्याने आणि ब्रशने निघते, हा फरक मोठा आहे. सीलंट फडक्यावर घेऊन लावा, चाकावर सरळ फवारू नका. डिस्कवर किंवा पॅडवर सीलंट, वॅक्स, टायर पॉलिश काहीही उडलं तर ब्रेक घसरू शकतो. उडलंच तर ब्रेक क्लीनरचा स्प्रे मारून डिस्क पुसून घ्या, आणि पॅडमधे मुरलंय अशी शंका आली तर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. टायर पॉलिशही बाजूच्या भिंतीवरच, रस्त्याला टेकतो त्या भागावर नाही. काही लोक चाक आणि डिस्कच्या मधे पत्र्याची चकती बसवतात, पूड बाहेर येऊ नये म्हणून, मला ते पटत नाही, डिस्कला गार व्हायला लागणारी हवा त्याने अडते.

पूड मुळात कमी व्हावी म्हणून सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मामाच्या शिकवणीचा. मामा एसटीत ड्रायव्हर होते, उभी हयात कुंभार्ली घाटात गाडी नेली आणली, मी पहिल्यांदा तो घाट उतरले तेव्हा शेजारी बसले होते. मी ब्रेकवर पाय ठेवूनच बसलेय म्हटल्यावर म्हणाले, "बाय, ज्या गिअरात वर आलीस त्याच गिअरात खाली उतर, ब्रेक थांबायला असतो, उतरायला नसतो." दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधे इंजिनच गाडी धरून ठेवतं, वेग जास्त वाटला तर एकदा ठाम ब्रेक दाबायचा आणि सोडून द्यायचा, सतत हलका दाबून ठेवायचा नाही. तेव्हापासून घाटानंतरची माझी चाकं आणि आधीची चाकं यात डोळ्यांना दिसण्याइतका फरक पडला. पूड तर कमी झालीच पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ब्रेक तापून मऊ पडायचा धोका कमी झाला. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमधे घाट उतरणारे अजून आहेत, त्यांना हात जोडून सांगते, आत्ताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमधे असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ बंदच होतं, न्यूट्रलमधे उलट इंजिन चालू ठेवायला थोडं जळतच राहतं, म्हणजे वाचत काही नाही आणि सगळा भार ब्रेकवर. शहरातही तेच, पुढचा सिग्नल लाल दिसतोय तर आधीच पाय उचला.

पॅड बदलायची वेळ आली की सिरॅमिक किंवा कमी लोखंडाचे पॅड तुमच्या गाडीला मिळतात का विचारा, पूड बरीच कमी होते आणि जी होते ती फिकट असते. पण फक्त पुडीसाठी चांगले चालू पॅड काढून टाकू नका, आणि स्वस्तातले बिनबिलाचे तर घेऊच नका, चाकाच्या चकाकीसाठी थांबायचं अंतर वाढवायचं नाही. नवीन पॅड बसवले की पहिले काही दिवस पूड जास्तच येते, पॅड आणि डिस्क एकमेकांना बसत असतात. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांची पूड खूप कमी असते कारण वेग कमी करायचं बरंचसं काम मोटरच करते, पण त्यामुळेच डिस्क वापरात न येऊन गंजतात, म्हणून मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, अधूनमधून दोन-चार ठाम ब्रेक मारत जा.

चाकं स्वतः धुवायचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ब्रेकची तब्येत कळते. दोन्ही पुढची चाकं सारखी काळी पाहिजेत. एक खूपच काळं आणि दुसरं स्वच्छ असेल तर एका बाजूचा कॅलिपर अडकलाय, पॅड सतत घासतोय किंवा दुसरीकडचा काम करत नाहीये, दोन्ही वाईट. गेल्या वर्षी माझ्या डाव्या चाकावर दुप्पट पूड दिसायला लागली, गाडी फिरवून आल्यावर त्या चाकाजवळ हात नेला तर ते जास्त गरम लागायचं, मेकॅनिकला दाखवलं तर कॅलिपरची पिन गंजून जाम झाली होती, साफ करून ग्रीस लावलं आणि थोडक्यात काम झालं. पुडीत चमकणारे लोखंडी कण दिसले आणि करकर आवाज येत असेल तर पॅड संपून मागची पट्टी डिस्कला घासतेय, त्याच दिवशी गॅरेज. आणि पूड कोरडी न राहता ओली, तेलकट, चिकट झालेली दिसली तर ब्रेक ऑइल किंवा ग्रीस गळतंय, गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा. स्पोकमधून टॉर्च मारून पॅड किती उरलाय तेही बघता येतं, तीन मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायचा.

ही पूड नाकातोंडात जाऊ देऊ नका हेही सांगायचंय. कोरडी पूड झटकायची नाही, कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, गॅरेजमधे ड्रम उघडून फूऽ करून उडवतात ते तर थांबवाच, ड्रममधे पॅडचं काम करतात ते लायनर, जुन्या लायनरमधे ॲस्बेस्टॉस असायचं आणि आत्ताच्या पुडीतले कणही फुप्फुसात खोलवर जाण्याइतके बारीक असतात. आधी ओलं करायचं, मग पुसायचं. युरोपमधे गाड्यांच्या प्रदूषणाच्या नव्या युरो ७ नियमांत पहिल्यांदाच ब्रेकच्या पुडीवर मर्यादा घातलीय, बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांना किलोमीटरला ७ मिलिग्रॅम, इतका हा विषय गंभीरपणे घेतला जातोय. आणि पाणी कुठं जातंय ते बघा. गावी गेल्यावर गाडी नदीत उतरवून धुवायची सवय आपल्याकडे आहे, कृपा करून नका करू, पुडीतलं तांबं माशांना बाधतं, अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्नियाने २०१० मधे याच कारणासाठी ब्रेक पॅडमधलं तांबं कमी करायचे कायदे केले. बादलीतलं काळं पाणी गटारातही ओतू नये खरं तर, मी ते तासभर ठेवते, गाळ खाली बसला की तो जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कचऱ्यात टाकते आणि वरचं पाणी घरातल्या सांडपाण्याच्या मोरीत. झाडांना घालू नका.

सगळं झाल्यावर गाडी लगेच उभी करून ठेवायची नाही. ओल्या डिस्कवर पहिला ब्रेक कमी लागतो, म्हणून सोसायटीतच हळू एक चक्कर मारा आणि पाच-सहा वेळा हलका ब्रेक दाबा, डिस्क-पॅड कोरडे होतात. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्कवर तांबूस थर दिसेल, पहिल्या दोन ब्रेकला खरखर आवाज येईल, बिडाच्या तव्याचीच गोष्ट ती, थोडं चाललात की जातो. पावसाळ्यात धुऊन गाडी दोन-तीन दिवस तशीच ठेवायची असेल तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता पहिल्या गिअरमधे ठेवा आणि टायरला पुढून-मागून एकेक दगड लावा, ओढून ठेवला तर मागचे लायनर ड्रमला चिकटतात आणि निघताना गाडी जागची हलत नाही. आणि निघताना ते दगड काढा.